जुन्या करवतकाठीतून लग्नासाठी परकर-पोलकं: पेटीतून साडी काढण्यापासून शेवटच्या हुकापर्यंत

घरात लग्न निघालं की आईची नाहीतर आजीची करवतकाठी साडी पेटीतून बाहेर येते आणि "पोरीले याचंच परकर-पोलकं शिव" असं फर्मान सुटतं. शिवणारीला मशीन येत असते, हातही बरा असतो. तरी लग्नाच्या दिवशी मुंढा (बाही जोडायची जागा) काचतो, परकर कमरेवरून घसरतो, आणि पुढच्या दोन धुण्यांत अस्तर आटून वरचं टसर रेशीम पापडासारखं फुगतं. यातलं बहुतेक काही मशीनवर बिघडलेलं नसतं. न धुता कापलेलं असतं, वरवर मापलेलं असतं, नाहीतर आधीचं काम नंतर केलेलं असतं.

पुढची सगळी मापं आठ वर्षांच्या एका मुलीची आहेत: छाती २५ इंच, कंबर २२, खांदा साडेदहा, दंड साडेसात, खांद्यापासून कमरेपर्यंत साडेदहा, कमरेपासून घोट्यापर्यंत २९. तुमच्या पोरीची मापं वेगळी असणार. आकडे बदला, हिशेब तोच ठेवा.

१. दिवस आखून घ्या

लग्नाला पंधरा दिवस असताना साडी तपासा आणि अस्तर भिजवा. बारा दिवस असताना मापं आणि कागद. दहाव्या दिवशी चादरीचा कच्चा नमुना, आठव्या दिवशी खरी कात्री. पाच दिवस उरले असताना पोलकं एकदा अंगावर चढलंच पाहिजे. शेवटचे दोन दिवस कामात धरू नका. पाहुणे उतरले की आमच्या घरी पायमशीन म्हणजे रुखवताचे डबे ठेवायचं टेबल होतं, आणि ते डबे हलवायची कुणाची टाप नसते.

मापं फार आधी घेऊन ठेवू नका. पोर वाढत असते. दिवाळीला घेतलेल्या मापावर एप्रिलच्या लग्नाचं पोलकं शिवलं तर ते छातीत अडकणारच.

२. साडी कापण्याजोगी आहे का?

भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे विणलेली टसरची करवतकाठी आपल्याकडे बऱ्याच घरांत निघते. काठावर करवतीसारखे दात असतात, दोन्ही बाजूंना. साडी कितीही जपलेली असली तरी घडी जिथे वर्षानुवर्षं पडलेली आहे तिथे रेशीम कुजलेलं असू शकतं, आणि ते नुसतं पाहून कळत नाही.

खिडकीसमोर साडी उघडून एकेक हात पुढे सरकवत उजेडात पाहा. विरळ जागा, बारीक भोकं, झुरळाने कुरतडलेलं सगळं दिसेल. तिथे खडूने गोल करा. मग घडीच्या रेघेवर दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकं ताणा, आधी उभं, मग आडवं. चर्र आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली, तर ती पट्टी बाद. तिच्यावर मुंढा, खांदा किंवा बाजूची शिवण येऊ द्यायची नाही, कारण सगळा ताण तिथेच बसतो. परकराच्या घेरात, प्लेटच्या पोटात अशी जागा चालते, पण मागून मलमल लावूनच.

चारपाच ठिकाणी अंगठ्याखाली कापड फाटलं तर साडी परत घडी करून ठेवा आणि नवं कापड आणा. आईला वाईट वाटेल. पण मांडवात परकर टर्रकन फाटला तर त्याहून जास्त वाटेल.

रंगाची परीक्षा: पांढरा रुमाल ओला करून पिळा, काठावर ठेवा, वरून कोमट इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर काठाचा रंग सुटतो. अशा साडीला पाणी लावू नका आणि पोलक्याचं अस्तर पांढरं घेऊ नका.

कापूस वेचणीच्या दिवसांत शिवत असाल तर आधी स्वतःचे हात पाहा. बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं रेशमाला अडकतात आणि धागा ओढला जातो. दोन रात्री झोपताना खोबरेल चोळा. काम करताना मात्र हात साबणाने धुऊन कोरडे हवेत, तेलाचा डाग टसरवर राहतो.

३. अस्तर आणि पाणी

लग्न बहुधा उन्हाळ्यात, आणि विदर्भाचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. दुकानदार क्रेप किंवा सॅटिनचं अस्तर पुढे करेल, चमक चांगली दिसते म्हणून. घेऊ नका. घाम शोषत नाही, पोर दोन तासांत रडायला लागते. मऊ सुती केंब्रिक किंवा मलमल घ्या. ३६ इंच पन्ह्याचं ३ मीटर पुरतं. त्यात परकराचं अस्तर, पोलक्याचं अस्तर आणि आतली बॉडी (परकर जिला जोडायचा ती बिनबाह्यांची सुती चोळी) निघते.

हे कापड घडी उघडून रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. न पिळता वाळत घाला, थोडं ओलसर असताना इस्त्री करा. मी एकदा घाईत हे टाळलं होतं. पोलकं लग्नात झकास दिसलं, नंतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं आणि वरचं कापड जागोजागी फुग्यासारखं वर आलं. सगळं उसवून नवं अस्तर लावायला दोन दुपारी गेल्या.

साडी मात्र भिजवायची नाही. जुनी साडी आटून बसलेली असते. टसरवर इस्त्री करताना पाणी शिंपडायचं नाही, त्याचे डाग उमटतात. उलट्या बाजूने, वर कोरडं सुती फडकं ठेवून, मध्यम इस्त्री. काठातली जरीची तार चकचकीत प्लास्टिकची असेल तर गरम इस्त्रीने ती आकसते, म्हणून आधी पदराच्या कोपऱ्यावर पाहून घ्या. कोळशाची इस्त्री वापरत असाल तर तीही आधी चिंधीवर फिरवा. एक ठिणगी पुरते.

४. मापं

"काहून एवढी मापं घेऊन राह्यली, तिचा फ्राक ठेव अन् वरून काप!" हे आईचं म्हणणं. जुन्या फ्रॉकवरून काप काढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. तो फ्रॉक एकतर घट्ट झालेला असतो नाहीतर धुऊन सैल पडलेला, आणि त्याची शिवण आत किती गेली ते बाहेरून दिसत नाही.

माप बनियनवर घ्या. पोर अनवाणी, हात खाली, नजर समोर. टेप बघायला तिने मान खाली घातली की खांदा अर्ध्या इंचाने बदलतो. कमरेला आधी नाडी बांधा आणि तिला दोनदा वाकायला सांगा. नाडी जिथे जाऊन बसेल ती तिची कंबर, खालची-वरची सगळी मापं त्या नाडीपासून. छाती मोजताना टेपच्या आत तुमची दोन बोटं असू द्या.

प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन्ही वेळा वेगळं आलं तर तिसऱ्यांदा. आकडे वहीत लिहा, तळहातावर नाही.

५. परकर नाडीचा की बॉडीचा?

माझं मत सरळ आहे: दहा वर्षांच्या आतल्या पोरीला लग्नात नाडीचा परकर देऊ नका. पळताना नाडी सैल होते, घट्ट बांधली तर जेवल्यावर पोटात रुतते, आणि ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लघवीला लागलं की गाठ सुटत नाही. परकर सुती बॉडीला जोडा. वजन खांद्यांवर राहतं, कंबर मोकळी. पोलकं वरून येतं, बॉडी कुणाला दिसत नाही.

न दिसण्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बॉडीचा गळा पोलक्याच्या गळ्यापेक्षा सगळीकडून १ इंच मोठा हवा. आणि पोलकं बॉडीच्या जोडाखाली किमान अडीच इंच उतरलं पाहिजे, नाहीतर अक्षता टाकायला हात वर केला की पांढरी पट्टी डोकावते. आपल्या मापात बॉडी साडेदहा, म्हणून पोलकं १३.

६. कागदावर हिशेब

वर्तमानपत्रावर काढा. साडीवर थेट खडूने आखायचं नाही.

परकर: कंबर २२ अधिक २ सैल, म्हणजे २४. एक इंच दिसणारी प्लेट पोटात दोन इंच खाते, तेव्हा घेर २४ च्या तिप्पट, ७२. शिवणीसाठी २, एकूण ७४ इंच. काठ खाली हवा म्हणून कापड आडवं घ्यायचं: साडीची लांबी पोरीच्या भोवती फिरते आणि साडीचा पन्हा परकराची उंची होतो. उंची २९, वाढीव दाबासाठी (पोर वाढली की सोडायची घडी) ३, वरच्या शिवणीला अर्धा: साडेबत्तीस. खाली काठाची किनारच येते, दुमडायचं काही नाही. पन्हा ४५ असेल तर वर साडेबारा इंचांची काठवाली पट्टी उरते. तिच्यातून दोन्ही बाह्या आणि त्यांचे पट्टे निघतात, तेव्हा तिला दुसऱ्या कशाला हात लावू नका.

पोलकं: छाती २५ अधिक ३ सैल, म्हणजे २८, तिचा चौथा भाग ७. बाजूच्या शिवणीला सव्वा इंच ठेवा, पुढच्या वर्षी उसवून सोडता येतं. लांबी १३ अधिक खांद्याला अर्धा. अर्धा खांदा सव्वापाच, शिवणीला अर्धा. मुंढ्याची खोली पावणेसहा, पुढचा मुंढा मागच्यापेक्षा पाव इंच जास्त कोरलेला. गळ्याची रुंदी सव्वादोन, पुढची खोली साडेतीन, मागची ३. उघडण पाठीला, म्हणून पाठीचे दोन भाग, मध्यरेषेच्या पुढे प्रत्येकी १ इंच जास्त.

गळ्याबद्दल थांबून वाचा. बाकी सगळीकडे शिवणीने कपडा लहान होतो, गळा मात्र मोठा होतो. म्हणून गळ्याची रेघ काढली की तिच्या आत, म्हणजे मानेच्या बाजूला, पाव इंच सोडून कापायचं. रेघेवर कापलं की गळा खांद्यावरून ओघळतो, आणि तिथे परत कापड जोडता येत नाही.

फुगा बाही: आधी साध्या बाहीचा कागद काढा, लांबी ५. तो मधोमध उभा कापून ३ इंच फाकवा, वरच्या गोलाईला १ इंच उंची द्या. पट्ट्याची लांबी दंड साडेसात अधिक दीड सैल, म्हणजे ९, शिवणीला १.

बॉडी: पोलक्याचाच कागद, खाली साडेदहावर कापलेला, गळा मोठा, मुंढा अर्धा इंच खोल. खांद्यावर एक इंच जास्त ठेवून तिथे आतून दाब घाला, तो पुढे सोडता येतो. खालचा घेर २४ अधिक मागच्या उघडणीचा १.

आता हा कागद जुन्या चादरीवर ठेवून पोलकं कापा आणि लांब टाक्यांनी जोडून पोरीला घाला. दोन्ही हात वर करायला लावा. पंगतीत बसते तशी मांडी घालून बसवा. पुढे वाकून पाया पडायला सांगा. मुंढा काचला तर पाव इंच खाली कोरा, एकदम अर्धा नको. जो बदल चादरीत केला तो लगेच कागदावरही करा. इथे विसरणाऱ्या खूप आहेत.

७. कात्री

टसर घसरतं. खाली वर्तमानपत्र पसरा, वर साडी, वर कागदी काप, आणि टाचण्या फक्त शिवणीच्या जागेत. टाचणीचं भोक मधे राहिलं तर दिसतं.

सुलट-उलट पटकन कळत नाही म्हणून कापण्याआधी उलट्या बाजूला जागोजागी खडूने फुली मारा. हे केलं नाही की पाठीचे दोन्ही भाग एकाच बाजूचे निघतात. पाठीचे भाग नेहमी कापड दुहेरी करून, सुलट बाजू समोरासमोर ठेवून कापा.

कापायचा क्रम: आधी परकराचा ७४ इंचांचा तुकडा, मग पोलक्याचा पुढचा भाग, मग पाठ, शेवटी बाह्या. मोठा तुकडा आधी, कारण दुसऱ्या टप्प्यातले खडूचे गोल चुकवताना जागा त्यालाच कमी पडते. पोलक्याची खालची कड काठावर बसवा.

करवतीचे दात मोजा. परकराच्या दोन टोकांवर एक दात अर्धा आणि समोरचा पूर्ण असेल, तर जोडावर दोन दात एकमेकांत घुसलेले दिसतात. शिवणीची रेघ दोन दातांच्या मधल्या खाचेत येईल असं दोन्हीकडे सरका. त्यासाठीच ते २ इंच जास्त ठेवले आहेत. पोलक्याच्या दोन्ही बाजूंनाही हेच.

तपासा: परकर १, पुढचा भाग १, पाठ २ (समोरासमोरच्या), बाह्या २, पट्टे २. अस्तर वेगळं मोजा. संख्या पटल्याशिवाय साडीच्या चिंध्या गोळा करू नका.

८. मशीन

११ नंबरची नवी सुई, काठाच्या जाड जोडाला १४ ची. जुनी सुई टसरचे धागे ओढते. दोन दिवस आधी तेल द्या आणि फडक्यावर चालवून जास्तीचं तेल काढा. इंचाला १० ते १२ टाके.

साडीच्या चिंधीवर एक वीतभर टीप मारा. खाली दोऱ्याचे फासे दिसले तर वरचा दोरा सैल आहे नाहीतर नीट ओवलेला नाही. कापड चुणलं तर वरचा ताण जास्त किंवा सुई जाड.

९. पोलकं शिवणं

वरच्या कापडाचे खांदे जोडा, अस्तराचे वेगळे जोडा. दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवून एका पाठीच्या उघडणीच्या तळापासून सुरू करा, वर या, गळ्याभोवती फिरा, दुसऱ्या उघडणीने खाली उतरा. अखंड एक टीप. वळणावर दर अर्ध्या इंचाला टिपेपर्यंत छोटे काप द्या, टीप कापू नका. उलटवा, गळा बोटांनी बसवा आणि इथेच इस्त्री करा. नंतर करू म्हटलं की गळा कायमचा गोल बसत नाही. लाइट गेली असेल तर पुढचं काम थांबवा.

मग मुंढा आणि बाजूंना वरचं कापड आणि अस्तर धावदोऱ्याने एक करून टाका. आता ते एकच कापड समजायचं.

बाहीला आधी खालची चूण घेऊन पट्टा लावा, मग वरची चूण. चुणीचे दोन धावदोरे घाला, एकाने चुण्या फिरतात. फुगा खांद्याच्या शिवणीच्या पुढे-मागे तीन-तीन इंचांतच, काखेत चूण आली तर ती टोचते. बाही मुंढ्याला सपाटच लावा. बाजूची शिवण त्यानंतर, बाहीच्या पट्ट्यापासून खाली काठापर्यंत एकाच टिपेत. बाजू आधी शिवून गोल मुंढ्यात बाही बसवणं लहान मापात फार जिकिरीचं जातं.

टसरच्या कडांचे धागे सुटतात. आतल्या कडा हाताने गुंडाळून टाका.

इथे पोरीला घाला. हुक अजून नाहीत, पाठीला टाचण्या नकोत, धावदोऱ्याने तात्पुरतं टाचा. मांडी, हात वर, पाया पडणं, सगळं पुन्हा.

१०. परकर

मागची शिवण जोडा, वरून ६ इंच उघडी सोडा. अस्तराचा घेर ५० इंच पुरे, लांबी वरच्यापेक्षा २ इंच कमी.

प्लेट्सच्या खुणा एक इंच दिसणारा, दोन इंच आत, अशा सगळ्या आधी करून घ्या. अंदाजाने दुमडत जाऊ नका. एका प्लेटला एक सूत (इंचाचा आठवा भाग) चुकलं तर २४ प्लेट्सना ३ इंच होतात, आणि मग शेवटच्या चार प्लेट्स कोंबाव्या लागतात. प्लेट्स धावदोऱ्याने पकडा आणि माप घ्या: २४ आलं पाहिजे. आलं तरच मशीन.

अस्तराला वर चुणी घालून प्लेट्सच्या आत टाचा आणि दोन्ही थर बॉडीला एकदम जोडा, मागची उघडण बॉडीच्या उघडणीला जुळवून. इथे १४ ची सुई.

वाढीव दाब शेवटी. पोरीला परकर घालून, अनवाणी उभी करून, काठाच्या अगदी वर आतल्या बाजूला दीड इंचाची घडी घ्या. तिने ३ इंच कापड आत जातं. घडीची रेघ दातांच्या टोकांमागे लपते. हा दाब हाताने, लांब टाक्यांनी घाला. मशीनने घातला तर दोन वर्षांनी सोडल्यावर टिपेची भोकं राहतात. आई म्हणते, "पोर वाढते बाप्पा, दोन बोटं जास्तच ठेव." ते दाबात ठेवा, लांबीत नको. घोट्याखाली गेलेला परकर मांडवाच्या पायरीवर पायात येतो.

११. हुक आणि शेवटचं

पोलक्याला पाठीवर पाच हुक, दोन-दोन इंचांवर. उजवी बाजू वर. वरच्या हुकाशेजारी एक टिचबटण लावा, पळापळीत तेवढं तरी टिकतं. बॉडीला बटणं पुरतात. हुकाचं टोक अस्तराच्या बाजूला उघडं राहिलं तर पाठीवर ओरखडे उठतात, बोट फिरवून पाहा.

हळदीला हा जोड घालू नका. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, आणि टसरवरून मग निघत नाही. लग्नानंतर लगेच धुवायची घाई नको. सावलीत उलटा टांगून घाम वाळू द्या. धुवायचाच झाला तर रिठ्याच्या पाण्यात, न पिळता.

उरलेल्या तुकड्यांतला काठासकट एक वीतभर तुकडा परकराच्या अस्तराला आतून टाचून ठेवा, सोबत त्याच रंगाचा थोडा दोरा. पुढच्या वर्षी दाब सोडताना किंवा बाहीचा पट्टा मोठा करताना त्या रंगाचं कापड बाजारात सापडत नाही.